हमीपत्र नसलेले सोंग

"हाऊ शिनेमा शे का तमाशा?"

'चुएकाटाउन' संपला आणि कूलरच्या घरघरीखेरीज खोलीत कसलाच आवाज उरला नाही, तेव्हा पहिला उद्गार निघाला तो हा. उद्गार काढणारे आमचे धुळ्याचे एक ज्येष्ठ स्नेही. हयातभर मराठीचे अध्यापन केलेले आणि वर्गात प्रमाणभाषेचा कडवा आग्रह धरणारे. ते चिडले की अहिराणीत येतात. त्यामुळे वाक्याला प्रश्नचिन्ह असले तरी तो निकाल होता, हे कळायला आम्हाला वेळ लागला नाही.

आम्ही दोघे, एक जळगावात आणि एक धुळ्यात, साहित्य शिकवतो. दोन्ही गावांतले काही शिक्षक आणि पदव्युत्तर वर्गाचे काही विद्यार्थी दोन-तीन महिन्यांतून एकदा कोणाच्या तरी घरी जमतात, एखादा परभाषिक चित्रपट पाहतात आणि मग वाद घालतात. चहा येईपर्यंत प्रत्येकाने आपले मत चिठ्ठीवर लिहून द्यायचे, नाव घालणे ऐच्छिक, असा शिरस्ता आहे. या वेळी चित्रपट आम्ही निवडला होता, म्हणून चिठ्ठ्याही आमच्याकडेच आल्या. प्रस्तुत लेख म्हणजे त्या चिठ्ठ्यांशी आम्ही मांडलेले भांडण आहे. घरातलेच भांडण असल्याने ते जरा मोकळेपणाने करता येईल.

प्रथम चित्रपट. 'चुएकाटाउन' (२००७) हा खुआन फ्लान या दिग्दर्शकाचा. राफाएल मार्तीनेस यांच्या चित्रकथेवर आधारलेला. माद्रिदच्या मध्यभागातली चुएका ही एके काळची पडकी, बदनाम वस्ती विसाव्या शतकाच्या अखेरीस समलिंगी पुरुषांची वस्ती म्हणून ओळखली जाऊ लागली. (चुएका हे मुळात एका संगीतकाराचे आडनाव. फेदेरीको चुएका हा 'सार्सुएला' या स्पॅनिश संगीत नाटकांचा एकोणिसाव्या शतकातला लाडका रचनाकार. संगीत नाटकवाल्याच्या नावाच्या चौकाभोवती ही वस्ती वाढली, हे आम्हाला उगाचच सुखावून गेले.) या वस्तीत व्हिक्तोर नावाचा एक घरांचा दलाल आहे. देखणा, व्यायामाने कमावलेल्या शरीराचा, कपड्यांची इस्त्री न मोडणारा. तो वस्तीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे खून करतो. त्यांची घरे स्वस्तात ताब्यात घ्यायची, त्यांना नवे रूप द्यायचे आणि सुस्थितीतल्या, सुंदर समलिंगी जोडप्यांना विकायची, हा त्याचा धंदा आणि हेच त्याचे ध्येय. रहस्य फारसे नाही. खुनी कोण हे प्रेक्षकाला आरंभीच दिसते. मारल्या गेलेल्यांपैकी एक म्हातारी आपले घर शेजारच्या लेओ आणि रे या जोडप्याला ठेवून जाते. हे दोघे पोट सुटलेले, केसाळ, अव्यवस्थित, पैशाने बेताचे. त्या घरात रेची आई राहायला येते आणि लेओचे जिणे हराम करते. दरम्यान पोलिसांचा संशय या दोघांवरच जातो. तपास करणाऱ्या बाईंना जगातल्या बहुतेक गोष्टींची भीती वाटते.

चित्रपट थोर नाही. उत्तरार्ध सैल आहे, सासू-जावयाच्या चकमकी पुनरुक्त होतात, आणि रंग तर असे की डोळे मिटून घ्यावेत. तरीही आम्ही तो निवडला, आणि चिठ्ठ्या वाचल्यावर निवड योग्यच होती असे आमचे मत झाले.

चिठ्ठ्यांत काय आहे? 'आपल्या संस्कृतीत बसत नाही' अशी एक आहे. तिच्याशी वाद घालण्यात शाई दवडणार नाही. ज्या चिठ्ठ्या आम्हाला खरोखर छळतात त्या सुशिक्षितांच्या, सहृदयांच्या. एका प्राध्यापक मित्रांनी लिहिले आहे: 'समलैंगिकता हा वेदनेचा विषय आहे. त्याची अशी थट्टा पाहून वाईट वाटले.' एका विद्यार्थिनीने, जी या विषयावर प्रबंधिका लिहिण्याच्या विचारात आहे, म्हटले आहे की ही पात्रे समूहाचे चुकीचे प्रतिनिधित्व करतात. इतकी नखरेल, इतकी भडक माणसे दाखवल्याने गैरसमज वाढतात. आणखी एकाचे मत: 'संवेदनशील हाताळणीचा अभाव.' एकाने केवळ 'अतिरंजित, आचरट' एवढेच लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. सगळ्या मतांचा सूर एकच. विषय गंभीर, चित्रपट उथळ, सबब चित्रपटाने विषयावर अन्याय केला.

आता एक साधी गोष्ट पाहावी. या चित्रपटात म्हाताऱ्या मारल्या जातात. घरासाठी मारल्या जातात. सगळ्या चिठ्ठ्या मिळून त्या म्हाताऱ्यांविषयी एकच ओळ आहे. ती कोणाची, हे पुढे येईल. समलिंगी माणसे पडद्यावर आली की आपल्या नजरेला दुसरे काही दिसत नाही. घर, भाडे, दलाली, वारसा, शहरातल्या मोक्याच्या जागेचा चढता भाव या गोष्टी जळगावच्या आणि धुळ्याच्या माणसाला समजावून सांगाव्यात असे आहे का? गरिबांसाठी म्हणून आखलेल्या घरांच्या योजनेतून केवढे प्रकरण उभे राहू शकते, हे आपण जळगावच्या घरकुल प्रकरणात पाहिले. त्याचा निकाल २०१९ साली धुळ्याच्या विशेष न्यायालयातच लागला. म्हणजे गाव जळगावचे आणि कोर्ट धुळ्याचे. या दोन गावांतल्या प्रेक्षकांना घरासाठी माणूस कोणत्या थराला जातो हे स्पॅनिश उपशीर्षकांतून शिकण्याची गरज नव्हती. तरी कोणी त्यावर बोलले नाही. दलाल, वारसदार, सासू, जावई ही सगळी पात्रे आमच्या प्रेक्षकांना दिसली ती एकाच रंगात.

परंतु ज्येष्ठ स्नेह्यांच्या प्रश्नाकडे परत येऊ. हा सिनेमा आहे की तमाशा? तिरस्काराने विचारलेला हा प्रश्न त्या रात्री केलेली सर्वांत अचूक समीक्षा होता, असे आमचे मत आहे. तो तमाशाच आहे. आपल्या अभ्यासक्रमात अतिरंजनाच्या या शैलीला 'कॅम्प' म्हणतात आणि सुसान सोन्टागच्या १९६४ च्या निबंधाचा हवाला देतात. विद्यार्थी तो निबंध पाठ करतात. मात्र गौळणीतली मावशी त्यांना आठवत नाही. पुरुषाने लुगडे नेसायचे, डोक्यावरचा पदर सावरत कृष्णाशी आणि पेंद्याशी हुज्जत घालायची, आपण पुरुष आहोत हे प्रेक्षकाला पूर्ण ठाऊक आहे हे स्वतःलाही ठाऊक असल्याच्या थाटात मुरका मारायचा. गण, गौळण, बतावणी, वग ही बांधणी ज्यांनी सारंगखेड्याच्या यात्रेत तंबूत बसून पाहिली आहे त्यांना 'चुएकाटाउन'चे व्याकरण परके वाटण्याचे कारण नव्हते. पोलीस बाई म्हणजे वगातला हवालदार. सासू म्हणजे मावशी. लेओ आणि रे म्हणजे दोन सोंगाडे, ज्यांच्या अंगावर राजाचा गुन्हा आला आहे.

मग ओळख का पटली नाही? आम्ही या प्रश्नावर बरेच दिवस खल केला. जळगाव ते धुळे या रस्त्यावर, एरंडोल आणि पारोळा मागे पडत असताना, केला. आणि ज्या उत्तराशी आलो ते आम्हाला स्वतःलाही फारसे आवडलेले नाही.

मराठी प्रेक्षकाला बायकी सोंगाचे वावडे कधीच नव्हते. उलट त्याची चंगळ आहे. अत्र्यांनी 'चार्लीज आन्ट' या इंग्रजी प्रहसनावरून 'मोरूची मावशी' रचली आणि विजय चव्हाणांनी ती मावशी घराघरांत नेली. १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' तर आपल्या पिढीचे पाठांतर आहे. आमच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांतला एकही असा नसेल ज्याला त्यातले पाच-दहा संवाद तोंडपाठ नाहीत. त्या चित्रपटाचा विषय काय? पुण्यात चार तरुणांना राहायला जागा मिळत नाही, म्हणून दोघे लुगडी नेसून दोघांच्या बायका होतात. विषय घराचाच. ज्या हिंदी चित्रपटावरून तो घेतला त्याचे नावच मुळी 'बीवी और मकान' (१९६६). पुढे २००८ मध्ये 'दोस्ताना' आला. त्यात दोन पुरुष मायामीत घर मिळावे म्हणून समलिंगी जोडपे असल्याचे सोंग करतात. म्हणजे घरासाठी बायकी व्हावे, घरासाठी समलिंगी व्हावे, याला आपला प्रेक्षक वर्षानुवर्षे खळखळून हसत आला आहे. 'चुएकाटाउन'मध्येही घर आहे, सोंग आहे, चहाटळपणा आहे. फरक एकच. 'बनवाबनवी'त लुगडे उतरते तेव्हा आत पुरुष निघतो आणि तो नायिकेशी लग्न करतो. 'दोस्ताना'त सोंग उतरते तेव्हा दोघेही एकाच मुलीवर भाळलेले निघतात. प्रेक्षकाला तिकिटाबरोबर एक हमीपत्र मिळालेले असते: आत सगळे जसे असायला हवे तसेच आहे, निर्धास्त हसा. लेओ आणि रे यांच्या सोंगाखाली मात्र लेओ आणि रेच आहेत. हमीपत्र नाही. आणि हमीपत्र नसले की तोच प्रेक्षक, तोच मुरका, तीच चहाटळ बतावणी, आणि खोलीत कूलरची घरघर.

हे हमीपत्र विनोदापुरतेच लागते असे कोणी समजू नये. आपल्या करुणेलाही ते लागते, आणि आमचा खरा तंटा तिथे आहे.

गणपत पाटलांचे उदाहरण घ्यावे. कोल्हापूरच्या या नटाने तमाशापटांतला नाच्या असा उभा केला की नाच्या म्हटले की त्यांचाच चेहरा डोळ्यांपुढे यावा. ते २००८ साली गेले. त्या भूमिकेने त्यांना नाव दिले आणि दुसरी भूमिका मिळू दिली नाही. लोकांनी सोंग आणि माणूस यांत फरक केला नाही, कुटुंबीयांनाही कुजबुज सोसावी लागली, हे अनेकदा लिहिले गेले आहे. ही शोकांतिका आहे यात शंका नाही. पण त्यांच्याविषयी हळहळणारे लेख वाचताना एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटते: प्रत्यक्षात ते तसे नव्हते हो, संसारी गृहस्थ होते, मुलाबाळांचे बाप होते. हे वाक्य खरे आहे आणि ते लिहिणाऱ्यांचा हेतूही शुद्ध आहे. तरी त्याचा अर्थ काय होतो? अन्याय झाला, कारण आरोप खोटा होता. आणि आरोप खरा असता तर? एखादा नाच्या खरोखरच 'तसा' असता, तर ती कुजबुज, ती टवाळी, ते लग्न न जमणे हे सगळे रास्त ठरले असते काय? हळहळणाऱ्यांना हा प्रश्न सुचत नाही. त्यांची सहानुभूती आरोपीच्या निर्दोषत्वावर उभी आहे; मुळात हा गुन्हा आहे काय, हे ती विचारत नाही.

'नटरंग'चीही हीच गत. आनंद यादवांची कादंबरी आणि तिच्यावरचा रवी जाधव यांचा चित्रपट. तो १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झाला. आम्ही तो पाहिला, आमचे विद्यार्थी तो परीक्षेत लिहितात. अतुल कुलकर्णींच्या अभिनयाविषयी वाद नाही. पण गुणा कोण आहे हे चित्रपट किती जपून सांगतो ते पाहावे. तो पैलवानी अंगाचा आहे, रानात राबणारा आहे, बायकोचा नवरा आणि मुलाचा बाप आहे. मनात राजाची भूमिका आहे. फडाला नाच्या हवा म्हणून, कलेपायी तो ती लाचारी पत्करतो. त्याची विटंबना होते, गाव त्याला थुंकते, त्याच्यावर अत्याचार होतो, आणि प्रेक्षक रडतो. कोणासाठी रडतो? नाच्यासाठी? आम्हाला तसे वाटत नाही. नाच्या समजल्या गेलेल्या पुरुषासाठी रडतो. त्याच तंबूत, त्याच फडात, ज्याला कमरेत वाकण्यासाठी शरीर मोडावे लागले नसते, ज्याचे चालणे मुळातच तसे होते, अशा एखाद्या पोऱ्याची गोष्ट 'नटरंग'मध्ये नाही. आमच्या साहित्यात तरी कुठे आहे? तमाशाच्या इतिहासात असे पोरे झालेच नसतील, असे म्हणायला फारच भाबडेपणा लागेल.

या संदर्भात बालगंधर्वांचे नाव घेतले की भुवया उंचावतात, हे आम्ही जाणून आहोत. जळगावला त्यांच्याविषयी खास जिव्हाळा. नारायण राजहंसांच्या बालपणाचा काही काळ इथे गेला, गाण्याचे आरंभीचे धडे इथे महबूबखाँकडे मिळाले. गावात त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे, त्यांच्या नावाने संगीत महोत्सव होतो. त्यांच्या लुगड्यांची, दागिन्यांची, केसांच्या वळणाची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत, हे आपण अभिमानाने सांगतो. नाच्याच्या लुगड्याची नक्कल कोणी केल्याचे कोणी सांगत नाही. दोघेही पुरुष, दोघेही लुगड्यात. एकाच्या मागे संगीत नाटकाची, नाट्यपदांची, प्रतिष्ठित वर्गाची हमी होती. दुसऱ्याच्या मागे तंबू, कंदील आणि जात. रवी जाधवांनीच २०११ साली 'बालगंधर्व' केला, म्हणजे एका दिग्दर्शकाने लागोपाठ दोन चित्रपटांत हे दोन्ही पुरुष उभे केले. दोन्ही चित्रपटांना मिळालेल्या दादेची जातकुळी कोणी ताडून पाहिली तर एक चांगला प्रबंध होईल. विषय हवा असलेल्यांनी घ्यावा. आम्ही हक्क सोडला आहे.

आता सहृदय मित्रांच्या 'वेदनेचा विषय' या आक्षेपाकडे. मराठी साहित्याने आणि रंगभूमीने समलिंगी माणसाला जागा दिली नाही असे कोणी म्हणू शकत नाही. तेंडुलकरांची 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगमंचावर आली, रोहिणी हट्टंगडींनी मित्रा उभी केली. त्या काळात हे धाडस होते आणि आजही ते नाटक शिकवताना वर्गात टाचणी पडली तर ऐकू येते. पण मित्राचा शेवट मृत्यूत आहे. पुढल्याच वर्षी 'उंबरठा' आला. शिरपूरच्या घराण्यातल्या स्मिता पाटील यांच्या कारकिर्दीतला हा एक शिखराचा चित्रपट, म्हणून खान्देशाला तो अधिक जवळचा. त्यातही आश्रमातल्या दोन स्त्रियांचे नाते येते. येते ते संस्थेपुढचा एक प्रश्न म्हणून. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये (२००६) भाऊ आणि बहीण एकाच पाहुण्यावर प्रेम करतात, पाहुणा निघून जातो आणि दोघांच्या हाती विरह उरतो. यातली एकही कृती आम्हाला कमी लेखायची नाही. 'कोबाल्ट ब्लू' तर आम्ही दरवर्षी कोणाला ना कोणाला वाचायला देतो. पण या कृती शेजारी शेजारी ठेवल्या की एक अलिखित अट दिसू लागते. समलिंगी पात्राला आमच्या साहित्यात प्रवेश आहे; येताना त्याने दुःख आणले पाहिजे. मृत्यू, विरह, परित्याग यांपैकी किमान एक कागद जोडलेला असावा. ज्याच्यापाशी दुःख नाही, ज्याचे पोट सुटले आहे, ज्याचे सासूशी पटत नाही, जो घाबरट आहे, ज्याला घर फुकट मिळाल्याचा आनंद लपवता येत नाही, असा माणूस दारात आला की आम्ही म्हणतो, 'संवेदनशील हाताळणीचा अभाव.'

ही संवेदनशीलता आम्हाला संशयास्पद वाटते. ज्याच्यासाठी रडता येते त्याच्याहून आपण उंचावर असतो. ज्याच्याबरोबर हसायचे त्याच्या शेजारी बसावे लागते.

विद्यार्थिनीच्या चिठ्ठीतला आक्षेप मात्र असा झटकता येणार नाही. तिचे म्हणणे आम्ही पुन्हा सविस्तर ऐकले. ती म्हणते, हसणे हे आजवर शस्त्र म्हणूनच वापरले गेले आहे. 'कल हो ना हो' (२००३) मधल्या कांताबेनच्या किंचाळण्यावर ज्या वर्षी सगळे चित्रपटगृह हसत होते, त्या वर्षी भारतीय दंडविधानाचे ३७७ वे कलम पूर्णपणे लागू होते. ते २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सैल केले, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा घट्ट केले आणि २०१८ च्या सप्टेंबरात सोडवले. विवाहाचा हक्क २०२३ साली नाकारला गेला. स्पेनमध्ये तो २००५ पासून आहे. त्यांनी आधी हक्क मिळवले आणि मग दोन वर्षांनी 'चुएकाटाउन' काढला; आपल्याला तो विनोद परवडणारा नाही, आपण अजून रांगेत आहोत. खान्देशातल्या एखाद्या मुलाला वर्गात कोणत्या नावाने हाक मारली जाते हे तिने पाहिले आहे आणि त्या हाकेनंतर वर्ग हसतो, हेही पाहिले आहे.

हे सगळे खरे आहे. त्या वर्गातल्या हसण्याचे समर्थन आम्ही करणार नाही. पण इतिहासाचा क्रम तिने उलटा लावला आहे. फ्रँकोच्या स्पेनमध्ये १९७० च्या कायद्याने समलिंगी माणसे 'सामाजिक धोका' ठरवली गेली होती. फ्रँको १९७५ साली मेला, त्या कायद्यातले हे कलम १९७९ साली गेले. आणि लगेच, १९८० साली, पेद्रो आल्मोदोवारचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट आला: ओबडधोबड, अश्लील, रंगीबेरंगी, कोणत्याही प्रतिनिधित्वाची जबाबदारी न घेतलेला. विवाहाचा कायदा यायला त्यानंतर पंचवीस वर्षे लागली. म्हणजे चहाटळपणा आधी आला. हक्कांची रांग संपेपर्यंत तोंड गंभीर ठेवून उभे राहण्याचा नियम त्यांनी पाळला नाही, आणि त्यामुळे त्यांचे काही बिघडल्याचे दिसत नाही. कांताबेनच्या दृश्यात हसण्याचा मालक कोण आहे ते पाहावे. हसतो तो प्रेक्षक, ज्याला नायकांच्या पुरुषत्वाची हमी मिळालेली आहे. 'चुएकाटाउन'मध्ये हसणे लेओ-रेच्या घरातून येते आणि आपल्याला त्यात सामील व्हायचे की नाही हे आपण ठरवायचे असते. हत्यार तेच असेल. मूठ कोणाच्या हातात आहे यावर जखम कोणाला होणार ते ठरते.

आणि प्रतिनिधित्वाचे म्हणाल तर, चित्रपटाने या आक्षेपाचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे; आमच्या प्रेक्षकांनी ते ऐकले नाही. चित्रपटातले सर्वांत सुसंस्कृत, सुंदर, सभ्य, कुठेही 'भडक' न होणारे पात्र कोणते? व्हिक्तोर. वस्तीत फक्त नीटनेटकी, रुबाबदार, समाजाला दाखवता येतील अशी माणसे असावीत, ही इच्छा कोणाची? व्हिक्तोरची. ढेरपोटे लेओ-रे आणि खोकणाऱ्या म्हाताऱ्या त्याच्या नजरेला सारख्याच खुपतात, कारण दोघांमुळेही वस्तीची प्रतिमा बिघडते. 'ही पात्रे समूहाची चुकीची प्रतिमा उभी करतात' हे वाक्य चित्रपटात कोणी उच्चारायचे असते, तर ते खुन्याच्या तोंडी शोभले असते. आमच्या अभिरुचीसंपन्न मित्रांना हे सांगितले तेव्हा ते दुखावले गेले. त्यांच्या सद्भावनेविषयी आम्हाला तिळमात्र शंका नाही. व्हिक्तोरलाही स्वतःच्या सद्भावनेविषयी नव्हती.

ज्येष्ठ स्नेह्यांनी, खरे तर, धुळ्याला परतताना गाडीत वेगळाच सूर लावला. त्यांच्या लहानपणी गावच्या जत्रेत एक मावशी येत असे, इतकी हजरजबाबी की पाटलालाही सोडत नसे. फड गेल्यावर आठवडाभर पोरे तिच्यासारखी चालत. "तो माणूस मग कुठे राहायचा, त्याचे घर कुठले, कोणी विचारले नाही," असे म्हणून ते गप्प झाले. हे त्यांनी प्रमाण मराठीत सांगितले.

आता राहिली ती एक चिठ्ठी, जिचा उल्लेख वर केला आहे. नाव नाही. चार ओळी आहेत. 'पहिल्यांदाच असा चित्रपट पाहिला ज्यात तसा माणूस शेवटपर्यंत जिवंत राहतो. मेल्या त्या म्हाताऱ्या, त्यांचे वाईट वाटले. लेओ आईवर ओरडतो तिथे मला फार हसू आले. सगळे गंभीर होते म्हणून दाबले.'

आमची अडचण अशी की उत्तरपत्रिका तपासून तपासून आम्हाला आमच्या विद्यार्थ्यांची अक्षरे ओळखता येतात. ही चिठ्ठी आम्ही दोघांनीही एकदाच वाचली, एकमेकांना काही न विचारता घडी घातली आणि बाकीच्या चिठ्ठ्यांत न ठेवता वेगळी ठेवली. त्या खोलीत 'वेदनेचा विषय' लिहिणारे होते, 'संवेदनशीलता' लिहिणारे होते, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या दाटीत, कोणीतरी ओठ आवळून बसले होते.

पुढच्या बैठकीचा चित्रपट आम्ही निवडणार नाही. नावे मागवली आहेत, चिठ्ठीवर, बिनसहीची.